तात्पर्याच्या अलीकडे : गोष्टीचं आशयसूत्र कसं ओळखावं



आज समोर शिक्षक आहेत, पालक आहेत आणि सहावी ते आठवीतली काही मुलंही आहेत. तेव्हा विषय सगळ्यांना पुरेल अशा बेतानं मांडायचा प्रयत्न करतो. मुलांना एखादा शब्द अडला तर त्यांनी हात वर करावा. मोठ्यांना अडला तर त्यांनी मुलांना विचारावं.

विषय तसा परीक्षेतलाच आहे. धडा वाचून होतो आणि खाली प्रश्न येतो: 'या कथेची मध्यवर्ती कल्पना तुमच्या शब्दांत लिहा.' मग गाईड उघडलं जातं, आणि 'तुमच्या शब्दांत' या जागी दुसऱ्याच कुणाचे तरी शब्द लिहिले जातात. गुणही मिळतात. आमची काळजी गुणांची नाही. चार-पाच वर्षं हेच केल्यावर मुलाची हळूहळू अशी समजूत होते की गोष्टीचा अर्थ ठरवणारं कुणीतरी दुसरं असतं, आणि आपल्याला वाचताना जे वाटलं, जिथे आपण थबकलो, ते त्या अर्थात धरलं जात नाही. हेच मूल पुढे भाषण ऐकतं, बातमी वाचतं, जाहिरात बघतं. तिथेही ते तयार अर्थाची वाट बघत बसतं. म्हणून हा प्रश्न आम्हाला दोन गुणांपेक्षा मोठा वाटतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ. इंग्रजी माध्यमातली मुलं ज्याला 'थीम' म्हणतात, त्याला मराठीत आशयसूत्र म्हणतात. पुस्तकात 'मध्यवर्ती कल्पना' असंही असतं. याच्या आजूबाजूला दोन शेजारी आहेत, आणि मुलांचा घोटाळा त्यांच्यामुळेच होतो. एक आहे विषय आणि दुसरं तात्पर्य.

उदाहरण असं घेऊ की जे इथे प्रत्येकाला पाठ आहे. चिऊ-काऊची गोष्ट. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो भिजत चिऊच्या दाराशी येतो आणि दार उघडायला सांगतो. चिऊ आतून म्हणते, थांब, बाळाला अंघोळ घालते. मग थांब, बाळाला जेवू घालते. मग थांब, बाळाला झोपवते. काऊ बाहेर, पाऊस चालू.

या गोष्टीचा विषय काय? घर, पाऊस, शेजार. विषय एका शब्दात सांगता येतो, आणि त्यात मत नसतं. तात्पर्य काय? 'घर पक्कं बांधावं' किंवा 'अडचणीत शेजाऱ्याला मदत करावी.' म्हणजे तात्पर्याच्या शेवटी 'करावे' किंवा 'करू नये' येतं. ते आपल्याला काम सांगतं.

आशयसूत्र काम सांगत नाही. माणसं कशी असतात, त्यांच्यात काय घडतं, याबद्दलचं ते एक पूर्ण वाक्य असतं, आणि सबंध गोष्ट त्या वाक्याच्या पाठीशी उभी असते. चिऊ-काऊबद्दल असं वाक्य करून बघू. 'ज्याचं घर शाबूत आहे त्याला बाहेरच्याची घाई कळत नाही.' गोष्टीत याला आधार आहे का? आहे. चिऊ एकदाही 'नाही' म्हणत नाही, ती फक्त 'थांब' म्हणते. तिची कामंही खोटी नाहीत. बाळाला खरंच अंघोळ घालायची असते. ती दुष्ट नाही. ती आत आहे, एवढंच. आणि आत असलेल्याचं 'थोडं थांब' बाहेर भिजणाऱ्याला किती लांब वाटतं, ते त्या पुन्हापुन्हा येणाऱ्या बोलण्यामुळे ऐकणाऱ्या मुलाला अंगावर जाणवतं. तीन-चार वर्षांचं मूल इथे अस्वस्थ होतं, 'मग उघडलं का दार?' असं विचारतं. ते मूल आशयसूत्रापाशीच उभं असतं. त्याला वाक्य करता येत नाही, इतकंच.

आता गंमत बघा. या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा आहे. कुठे चिऊ दार उघडते आणि काऊ चुलीपाशी ऊब घेत बसतो. कुठे आत आलेल्या काऊला चटका बसतो. कुठे तो आत शिरून खाऊ फस्त करतो. शेवट बदलला की आपलं वाक्यही बदलावं लागतं. खाऊ फस्त करणाऱ्या काऊच्या गोष्टीत चिऊची सावधगिरी बरोबर ठरते. ऊब घेणाऱ्या काऊच्या गोष्टीत तिचा उशीर मनाला टोचतो. यातून मुलांना एक साधं हत्यार मिळतं. शेवट बदलून बघा. तुमचं वाक्य तरीही जसंच्या तसं उभं राहिलं, तर ते या गोष्टीला पुरतं चिकटलेलं नाही.

तात्पर्याची सवय आपल्याला कशी लागली? मराठीत छापील पुस्तकं नुकती होऊ लागली होती त्या काळात, १८२८ साली, सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं इसापनीतीचं पुस्तक आलं. म्हणजे मराठी मुलांसाठी जी पहिली पुस्तकं छापली गेली, त्यांतच बोधकथा होत्या. गोष्ट छोटी, खाली तात्पर्य. पुढे पिढ्यान्‌पिढ्या हीच मांडणी डोळ्यांत बसली. पण खुद्द इसापच्या गोष्टींखालची ही वाक्यं बहुतांशी नंतरच्या संकलकांनी जोडलेली आहेत, असं अभ्यासक मानतात. गोष्ट आधी होती, तात्पर्य मागाहून आलं. हा क्रम लक्षात ठेवला तरी अर्धं काम होतं.

आता मुंगसाची गोष्ट घेऊ. ती पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात येते. बाई पाणी भरून येते. दारात मुंगूस, तोंडाला रक्त. यानं बाळाला मारलं असं समजून ती घागर त्याच्यावर टाकते. आत जाऊन बघते तर बाळ सुखरूप आणि शेजारी सापाचे तुकडे. आपल्याकडे तात्पर्य पक्कं आहे: 'अविचारानं कृती करू नये.' चूक नाही ते. पण या तात्पर्यानं गोष्टीतला किती भाग वापरला? फक्त घागरीचा प्रसंग.

मागचं वाचा. त्या बाईनं मुंगसाला पोटच्या पोरासारखं वाढवलंय, आणि तरीही तिचा त्याच्यावर विश्वास नाही. हा प्राणी, आपल्या जातीवर जाऊन कधीतरी बाळाला इजा करील, ही शंका तिच्या मनात पहिल्यापासून आहे. म्हणजे रक्त दिसलं आणि मग शंका आली, असं झालेलं नाही. शंका आधीच होती. तिला पुरावा हवा होता, तो रक्तात मिळाला. आता वाक्य करा: 'ज्याच्यावर आपण आधीच संशय घेतलेला असतो, त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण आपल्याला गुन्ह्याचीच दिसते.' हे वाक्य सातवीच्या मुलाला कळतं का? चांगलं कळतं. वर्गात काही हरवलं की सगळ्यांच्या नजरा आधी कुणाकडे वळतात, हे त्याला माहीत असतं. कदाचित त्या नजरा त्याच्याकडेच वळलेल्या असतात.

पुढचंही वाचा. पाण्याला जाताना ती नवऱ्याला बाळाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली होती. तो भिक्षेसाठी घर उघडं टाकून गेला. परत आल्यावर ती त्याला बोल लावते तो लोभाचा. म्हणजे ग्रंथात तिच्या तोंडून निघणारं तात्पर्य अविचाराचं नाहीच, ते लोभाचं आहे! त्यात हितोपदेशात हीच गोष्ट येते तेव्हा मुंगसाला मारणारा तो ब्राह्मणच आहे, बाई नाही. मारणारा हात बदलला की दोष कुणाचा हेही बदलतं. एकाच गोष्टीखाली आपण डोळे मिटून एकच ओळ लिहीत आलो, आणि गोष्ट मात्र स्वतःच्या आत त्या ओळीशी वाद घालत बसली आहे.

इथे शिक्षक म्हणतील, लोककथा, बोधकथा ठीक आहे. धड्यातल्या कथांचं काय? म्हणून प्रेमचंदांची 'ईदगाह' घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांनी ती हिंदीच्या पुस्तकात वाचलेली असेल. कथा १९३३ सालची. हामीद चार-पाच वर्षांचा. आई-वडील गेलेले, आजी अमीना त्याला वाढवते. ईदच्या जत्रेत त्याच्या खिशात तीन पैसे. मित्र खेळणी घेतात, मिठाई खातात. हामीद लोखंडाचा चिमटा घेतो, कारण पोळी भाजताना तव्यावर आजीची बोटं पोळतात.

उत्तरपत्रिकेत मध्यवर्ती कल्पना ठरलेली असते: 'त्याग'. किंवा 'मोठ्यांवर प्रेम करावं'. या उत्तराबद्दल आमचं थोडं कडक मत आहे. 'त्याग' हा एक शब्द झाला, म्हणजे विषय झाला. 'त्याग करावा' हे तात्पर्य झालं. आणि ते वर्गात मोठ्यानं वाचलं जातं तेव्हा कुणाला उद्देशून असतं? ज्याच्या घरी खेळण्यांना तोटा नाही त्याला ते गोड वाटतं, तो हामीदला शाबासकी देऊन पुढच्या धड्याकडे वळतो. त्याच बाकावर एखादा मुलगा असा असतो, ज्याच्या खिशात खरोखरच तीन पैसे असतात. त्याला त्या तासाला काय शिकवलं जातं? खेळणं मागू नकोस. मागितलं नाहीस तर तू चांगला. प्रेमचंदांनी हे लिहिलेलं नाही.

त्यांनी काय लिहिलंय ते बघू. हामीद संत नाही. मोहसीन त्याला रेवडी दाखवून चिडवतो आणि स्वतःच खाऊन टाकतो, तेव्हा तो हिरमुसतो. खेळणी बघून तो मनाची समजूत घालतो की मातीची आहेत, पडली की फुटतील. ही समजूत आहे. तिच्या खाली हवंसं वाटणं आहेच. पुढे चिमटा खांद्यावर टाकून तो मित्रांशी असा काही वाद घालतो की भिश्ती, शिपाई, वकील सगळे चिमट्यापुढे फिके पडतात. तो जिंकतो आणि जिंकल्याचा त्याला आनंद होतो. निव्वळ त्याग शिकवणारी कथा असती तर लेखकानं हा वाद इतका रंगवला असता का? तो वाद कथेत बराच मोठा आहे. म्हणजे तिथे काहीतरी आहे. गरीब मुलाला हातात काही नसताना जिभेवर, बुद्धीवर उभं राहावं लागतं, ते तिथे दिसतं.

आणि शेवट. आजी आधी रागावते. उपाशी राहून आणलंस काय, तर चिमटा! मग कारण कळतं आणि ती रडू लागते. प्रेमचंद इथे एक उलटापालट दाखवतात: लहान पोर म्हातारं झालंय आणि म्हातारी लहान मुलीसारखी रडतेय. हामीदला त्या रडण्याचा अर्थ कळत नाही. वाचणाऱ्याला मात्र कळायला हवा. आता आशयसूत्र: 'गरिबीत वाढणाऱ्या मुलाला प्रेमापोटी वेळेआधी मोठं व्हावं लागतं, आणि त्याचं हे मोठेपण बघून मोठ्यांना अभिमान आणि दुःख एकाच वेळी होतं.' या वाक्यात तीन पैसेही बसतात, रेवडीही, वादही, आजीचं रडूही. आणि मागच्या बाकावरच्या मुलाला यात उपदेश नाही. कुणीतरी आपल्याला पाहिलं आहे, एवढं आहे.

योगायोग असा की त्याच १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. पुस्तक १९३५ साली निघालं. ते एका अर्थानं आपल्या विषयाची कठीण परीक्षा आहे, कारण इथे लेखक तात्पर्य आपल्या तोंडानं सांगतो. मग आशयसूत्र शोधायला जागा उरते का?

'अळणी भाजी'चा प्रसंग आठवा. भाजीत मीठ पडलेलं नाही. वडील काही न बोलता जेवतात, भाजीला नावं ठेवत नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर आई बसते आणि तिला कळतं. तिला फार लागतं. श्याम शेवटी विचारतो की थोर कोण. मन दुखू नये म्हणून गप्प राहणारे वडील, की आपल्या हातून उणं राहिलं म्हणून हळहळणारी आई? आणि दोघांनाही थोर म्हणतो.

आता एखादी सातवीतली मुलगी विचारेल, आई सगळ्यांबरोबर जेवायला बसली असती तर? हा प्रश्न उद्धट नाही. गोष्टीतूनच तो येतो. आई शेवटी जेवते, म्हणून चूक तिला शेवटी कळते. जिचं मन दुखू नये म्हणून घर गप्प राहिलं, तिचं मन दुखायचं राहिलंच नाही. ते थोडं उशिरा दुखलं, आणि एकटीनं जेवताना दुखलं. तेव्हा एक वाक्य असं होईल: 'माणसं एकमेकांना जपायला गप्प राहतात, पण ज्याला जपायचं त्याची व्यथा त्यानं टळतेच असं नाही.' हे श्यामच्या तात्पर्याला खोडत नाही, त्याच्या खाली असलेली जमीन दाखवतं.

आणि एक गोष्ट विसरू नये. श्याम हे सगळं आश्रमातल्या मित्रांना रात्री बसून सांगतो आहे, तेव्हा आई हयात नाही. आई-वडील दोघांनाही थोर म्हणणारा माणूस आता त्या स्वयंपाकघरात परत जाऊ शकत नाही. ते तात्पर्य आहेच, पण ते आठवण काढणाऱ्या मुलाचं तात्पर्य आहे. कोण सांगतंय, केव्हा सांगतंय, कुणाला सांगतंय, हे विचारलं की लेखकानं दिलेलं तात्पर्यसुद्धा गोष्टीचाच एक भाग म्हणून वाचता येतं. हे आठवीच्या मुलांना जमतं. आम्ही त्यांना कमी लेखतो, म्हणून विचारत नाही.

आता तुमच्या मनात एक शंका असणार: मग काय, कुणी काहीही लिहावं आणि आम्ही गुण द्यावेत? मुळीच नाही. आशयसूत्राला पुरावा लागतो, तात्पर्याला लागत नाही. खरं म्हणजे हे काम जास्त कडक आहे. वाक्य तपासायच्या तीन कसोट्या आम्ही सांगतो. शेवट बदलायची चौथी मघाशी झालीच.

पहिली. वाक्यातून पात्रांची नावं काढा. 'हामीदनं चिमटा घेतला' हे कथानक आहे, आशयसूत्र नाही. पण नावं काढताना इतकं लांब जाऊ नका की ते कुठल्याही कथेला लागेल. 'प्रेम महान असतं' हे हजार कथांना लागतं, म्हणून एकालाही लागत नाही.

दुसरी. बोट ठेवा. कथेतल्या निदान दोन जागा दाखवा, एक मधली आणि एक शेवटची. फक्त शेवटची दाखवणारं मूल बहुधा तात्पर्यच सांगत असतं.

तिसरी आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नडणारी जागा शोधा. आपल्या वाक्यात न बसणारा एक प्रसंग मुद्दाम हुडकायचा. 'त्याग' म्हटलं तर तो लांबलचक वाद नडतो. 'अविचार' म्हटलं तर आधीपासूनचा संशय नडतो. जे नडतं ते सोडून द्यायचं नाही. वाक्य दुरुस्त करायचं. काऊ संपूर्ण गोष्टीत नुसता गरीब बिचारा आहे असं लिहिलंत, तर खाऊ फस्त करणारा काऊ तुम्हाला नडेल. मग त्या शेवटासाठी वाक्य नवं करा.

शिक्षकांसाठी थोडं व्यवहाराचं. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, वर्गात साठ मुलं, अभ्यासक्रम पुरा करायचा. हे सगळं मान्य. प्रत्येक धड्याला हे करा असं आम्ही म्हणत नाही. सत्रात दोन कथा निवडा. 'या कथेतून काय शिकलात?' हा प्रश्न त्या दोन दिवशी विचारू नका. त्याऐवजी विचारा: 'कुठे थांबलात? कुठे राग आला? सुरुवातीला जो माणूस होता तो शेवटी तसाच राहिला का? हे सगळं होताना किंमत कुणी मोजली?' मुलं बोलतील ती वाक्यं फळ्यावर लिहा. दोन वाक्यं एकमेकांशी भांडत असतील तर दोन्ही राहू द्या, फक्त दोघांकडून जागा मागा. पेपर तपासताना दोन गुणांतला एक वाक्याला द्या आणि एक 'कारण' म्हणून लिहिलेल्या प्रसंगाला. गाईडमधलं वाक्य उतरवता येतं. कारण उतरवलं तर पुढच्या एका प्रश्नात लगेच कळतं.

पालकांसाठी एवढंच, की रात्री गोष्ट सांगून झाल्यावर 'म्हणून आपण असं करायचं नाही हं' ही ओळ एखाद्या दिवशी गिळून टाका. मूल गप्प झालं तर गप्प राहू द्या. दुसऱ्या दिवशी दात घासताना ते विचारील, 'चिऊनं आधीच का नाही उघडलं?' तेव्हा तुम्हीही उत्तर शोधा, त्याच्याबरोबर.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी. तुमच्या पुस्तकातला पुढचा धडा वाचाल तेव्हा गाईड उघडायच्या आधी एका कागदावर फक्त एक ओळ लिहा: मला इथे थांबावंसं वाटलं. पान क्रमांक घाला. ती जागा चुकीची नसते. तिथून आशयसूत्रापर्यंत वाट काढायची असते, आणि ती काढायला तुमचे शिक्षक आहेत.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ, मुलांचे आधी.